तिकीट कन्फर्म, गाडी कुठाय?

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला, ‘रांग’. रेशनची, गॅसची आणि सिनेमाची रांग इतरांनी आधीच पळवली होती. माझ्या वाट्याला रिझर्वेशनच्या खिडकीपुढची रांग आली, आणि ती तर आता फारशी उरलेलीच नाही. तिकीट फोनवर निघतं. मग खिडकीवर होणारी हुज्जत गेली कुठे? ते बघायला राखीपौर्णिमेच्या आदल्या रात्री पुण्यात संगमवाडीच्या खासगी बसच्या तळावर गेले.

पाऊस भुरभुरत होता. नांदेड, यवतमाळ, अमरावती, नागपूर अशा पाट्यांच्या गाड्या एकीला एक चिकटून उभ्या होत्या. मधल्या चिखलातून बॅगा डोक्यावर घेऊन माणसं वाट काढत होती. ‘लातूर लातूर, अहमदपूर, उदगीर!’ असा पुकारा चाललेला. प्रत्येक गाडीच्या दाराशी एक पोरगा, कानाला फोन, हातात घडी पडलेली लिस्ट. प्रवाशांच्या हातात मोबाइल. लिस्टवाला मोबाइलकडे बघत नव्हता, फक्त नाव विचारत होता.

दोन लेकरांना घेऊन उदगीरला निघालेल्या एक ताई छत्रीखाली उभ्या होत्या. साडेनऊची एसी स्लीपर, खालचा बर्थ, पैसे भरून आठवडा झालेला. सव्वादहा वाजले तरी गाडीचा नंबर सांगणारा मेसेज आला नव्हता. त्यांनी अ‍ॅपच्या कस्टमर केअरला फोन लावून स्पीकरवर टाकला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगी आली. नाव, बुकिंग नंबर आणि मोबाइल नंबर विचारून झाल्यावर म्हणाली, “मॅम, आमच्याकडे गाडी ऑन टाइम दाखवतेय.”

“तुमच्याकडे दाखवत असेल हो. मला दिसायला पाहिजे ना!”

त्यावर ऑपरेटरचा नंबर मिळाला. तो सतत बिझी. शेवटी भलत्याच कंपनीच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या एका पोराने तिकिटावर नजर टाकली, कुणाला तरी ‘हां, बोल’ करून फोन लावला आणि क्षणात निकाल दिला. “ताई, ही गाडी आज लागलीच नाही. तुमचे पॅसेंजर दुसऱ्या गाडीत टाकलेत. त्या टोकाला पांढरी उभी आहे, पळा.”

पांढरी गाडी बसायची होती, पुशबॅकची. झोपायच्या पैशात बसून जायचं. ताईंनी फरकाचे पैसे मागितले. दारातला पोरगा म्हणाला, “ते ऑनलाईन मागा, पैसे माझ्याकडे आलेत का?” त्याचंही खोटं नव्हतं. धाकटं लेकरू पेंगत होतं आणि सकाळी भावाकडे पोचायचं होतं. त्या चढल्या.

एक सीट, तीन दुकानं

हा घोळ समजून घ्यायचा तर सीट विकतं कोण, हे बघावं लागतं. पूर्वी ट्रॅव्हल्सचा मालक आपल्या गाडीच्या सीटा एजंटांमध्ये वाटून द्यायचा. दादरच्या एजंटाला इतक्या, बोरिवलीच्या एजंटाला इतक्या. प्रत्येकाकडे आपापला छापील चार्ट. एकाकडे गाडी फुल्ल आणि दुसऱ्याकडे निम्मी रिकामी, हे रोजचंच. गाडीत नेमक्या किती जागा उरल्यात हे सुटायच्या वेळेपर्यंत मालकालाही सांगता यायचं नाही.

2005 च्या दिवाळीत बंगळुरूत नोकरी करणाऱ्या फणींद्र सामा या तरुण इंजिनिअरला गावी जायला बसचं तिकीट मिळालं नाही. एजंटांच्या दारोदार फिरताना त्याला हीच मेख सापडली, आणि पुढच्या वर्षी त्याने दोन मित्रांसह रेडबस सुरू केली. दिवाळीच्या न मिळालेल्या तिकिटातून निघालेला हा धंदा आता देशभर पसरलाय. त्यात इतर बरेच जण उतरले, मालकांनी स्वतःची अ‍ॅपं काढली, पैसे भरायच्या अ‍ॅपांतही बसची खिडकी आली.

तंत्र साधारण सगळीकडे सारखंच. मालकाच्या आरक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये गाडीचा चार्ट असतो. वेगवेगळी अ‍ॅपं त्या चार्टात डोकावतात, सीट दाखवतात, विकतात आणि आपलं कमिशन कापून उरलेले पैसे मालकाकडे वळते करतात. अ‍ॅपच्या मालकीचं एक चाकसुद्धा नसतं. ‘आम्ही मध्यस्थ आहोत, प्रवासाची जबाबदारी बसचालक कंपनीची’ हे कलम अटी-शर्तींच्या जंगलात कुठेतरी असतंच. कुणीही न वाचता त्यावर टिकमार्क करतो. मीही करते.

त्यात आणखी एक गंमत आहे. बहुतेक खासगी बसना परवाना असतो तो कंत्राटी वाहतुकीचा, म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडासारखा ठरलेला गट इथून उचलून तिथे नेण्याचा. टप्प्याटप्प्यावर सुटे प्रवासी चढवण्या-उतरवण्याची वाहतूक मोटार वाहन कायद्यात वेगळी आहे. ते काम एसटीचं. प्रत्यक्षात रोज रात्री पद्मावती, कात्रज, नवले पूल असे थांबे घेत गाड्या धावतात, हे आरटीओपासून पोरासोरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण कायद्याने जो थांबा थांबाच नाही, तिथे शेड नसते, फलक नसतो आणि चौकशीची खिडकीही नसते. तिकिटावरचा ‘पिक-अप पॉइंट’ म्हणजे बऱ्याचदा एखादा पेट्रोल पंप, नाहीतर उड्डाणपुलाखालची पानटपरी. गाडी पुलावरून निघून गेली तर टपरीवाल्याला जाब विचारणार?

नऊ पॅसेंजरवर गाडी

तळाशेजारच्या गाळ्यांत बुकिंग ऑफिसं आहेत. एका ऑफिसात मॅनेजरने चहा सांगून बसवून घेतलं. नाव छापायचं नाही या बोलीवर. टेबलावर कॉम्प्युटर होता, त्यावर हिरव्या-गुलाबी चौकोनांचा चार्ट. पण त्याचा हात सारखा जात होता तो लाल बांधणीच्या वहीकडे. वहीत गाड्यांचे नंबर, ड्रायव्हरांचे मोबाइल, कुठे किती ‘पार्सल’, आणि काही सीटांपुढे नुसतंच ‘ब्लॉक’. हे ब्लॉक नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी, गावाकडच्या एजंटासाठी, क्वचित कुणा साहेबासाठी. चार्टवर ते विकल्यासारखे दिसतात. संध्याकाळी सहा-सातनंतर त्यातले काही सुटतात. आदल्या दिवशी फुल्ल दिसणाऱ्या गाडीत ऐनवेळी जागा निघते, ती अशी.

उदगीरच्या ताईंचा किस्सा सांगितला तर त्याला नवल वाटलं नाही. “मॅडम, गाडीत नऊ पॅसेंजर. डिझेल, टोल, दोन ड्रायव्हर, क्लीनर. नऊ जणांत कसं परवडणार? मग दोन गाड्या क्लब करायच्या. पॅसेंजर पोचतो ना?”

“पण राखीला नऊच कसे?”

“राखीला नसतात हो नऊ. आज ती गाडीच लायनीवर घेतली असेल दुसऱ्या. जिथं भाडं जास्त तिथं गाडी.”

हे त्याने अगदी सहज सांगितलं. गाडी कुठली लावायची, कुठली मारायची, कुणाला कुठल्या सीटवर बसवायचं हे निर्णय असे संध्याकाळी, फोनवर आणि वहीच्या आधाराने होतात. सॉफ्टवेअरमध्ये ते उतरतात नंतर, वेळ मिळाला तर. तोवर अ‍ॅप सकाळचीच गाडी दाखवत राहतं आणि कस्टमर केअरची मुलगी तीच वाचून दाखवते. तिकीट ऑनलाईन गेलं, गाडी मात्र वहीतच राहिली. ग्राहकसेवेच्या नावाने होणाऱ्या बहुतेक भांडणांचं मूळ मला इथे सापडलं. बाकीचे सगळे दोष, म्हणजे उद्धट बोलणं, फोन न उचलणं, हे त्यापुढे किरकोळ आहेत.

सीट बदलण्यावरूनही रोज वाजतं. बाईच्या शेजारची सीट बाईलाच, हा अ‍ॅपचा नियम चांगला आहे. पण क्लब केलेल्या गाडीत तो कोलमडतो, आणि मग क्लीनर रात्री अकरा वाजता ‘काका, तुम्ही वर जा, ताई तुम्ही इकडं या’ असा संसार नव्याने मांडतो.

पैसे गेले, तिकीट नाही

दुसरा मोठा घोळ पैशांचा. सीट निवडली की ती काही मिनिटं आपल्या नावावर अडवून ठेवली जाते. त्या मुदतीत पैसे पोचल्याचा निरोप यायला हवा. यूपीआयवरून पैसे आपल्या खात्यातून निघाले, पण बँक, पेमेंट गेटवे, अ‍ॅप, मालकाचं सॉफ्टवेअर या साखळीत निरोप कुठेतरी अडला, तर मुदत संपते, सीट परत बाजारात जाते आणि दुसरा कुणी ती उचलतो. आपल्या फोनवर बँकेचा ‘डेबिट’चा मेसेज, आणि अ‍ॅपवर ‘पेमेंट पेंडिंग’. घाबरून माणूस पुन्हा पैसे भरतो. मग दोन तिकिटं निघतात, किंवा दोनदा पैसे जाऊन एकही नाही.

रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019 चं परिपत्रक या बाबतीत माहीत असावं. दुकानदाराला यूपीआयने पैसे देताना खात्यातून रक्कम गेली, पण समोरच्याला पैसे मिळाल्याची पुष्टी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत आली पाहिजे. त्यापुढे रोज 100 रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. बँकेतून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांनी यातली खोच दाखवली. हा नियम फसलेल्या व्यवहाराचा आहे. पैसे अ‍ॅपपर्यंत पोचले, तिकीट निघालं आणि मग गाडी रद्द झाली, तर तो व्यवहार फसलेला नाहीच. तो परतावा, आणि तिथे हे रोजचे शंभर लागू होत नाहीत. कस्टमर केअरला फोन केल्यावर ‘तुमच्या बँकेकडे विचारा’ आणि बँकेत गेल्यावर ‘अ‍ॅपवाल्यांना विचारा’ हा जो झुलता पूल आहे, तो बऱ्याचदा याच फरकावर बांधलेला असतो.

त्यांचा उपाय साधा आहे. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक जपून ठेवायचा. अ‍ॅपवाला ‘रिफंड केला’ म्हणाला तर नुसतं ‘बरं’ म्हणायचं नाही, परताव्याचा संदर्भ क्रमांक मागायचा. तो क्रमांक असला की बँकेला पैसे शोधता येतात. नसला तर बहुधा परतावा निघालेलाच नसतो. आणि ‘वॉलेटमध्ये लगेच, बँकेत सात दिवसांनी’ असे दोन पर्याय आले की क्षणभर थांबायचं. वॉलेटमधला पैसा पुन्हा त्याच दुकानात खर्च होतो.

हेडफोनच्या पलीकडे

अशाच एका कॉल सेंटरमध्ये काही काळ काढलेली एक मुलगी आता पिंपरीत दुसरीकडे नोकरी करते. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिला पडद्यावर दिसायचं ते जवळपास प्रवाशाला दिसायचं तितकंच. जास्तीचं एक बटण, ‘ऑपरेटरकडून खात्री करा’. ते दाबलं की मालकाच्या ऑफिसला मेल जायचा. सणाच्या दिवसांत उत्तर यायला दोन दिवस लागायचे. गाडी तर तासाभरात सुटायची.

“लोक ओरडायचे, मी सॉरी म्हणायचे. सॉरी किती वेळा म्हणायचं हेसुद्धा लिहून दिलेलं होतं,” ती हसून म्हणाली. ठरावीक रकमेपर्यंतचं कूपन तिला देता यायचं. त्याच्या वरचं काही असेल तर वरिष्ठांकडे. आणि कॉल लांबला की तिच्या महिन्याच्या गुणांत काट. म्हणजे प्रवाशाचं ऐकून घेणं तिला परवडणारं नव्हतं. आता तर तिच्या आधी चॅटबॉट उभा असतो. तो चार पर्याय देतो, आणि पाचवी अडचण असलेल्या माणसाला पुन्हा पहिल्या पर्यायावर आणून सोडतो.

तिने सांगितलेली सगळ्यात अवघड तक्रार मध्यरात्रीच्या तारखेची. शुक्रवारी रात्री साडेबाराची गाडी म्हणजे कॅलेंडरप्रमाणे शनिवार उजाडलेला. आपल्या बोलण्यात ती शुक्रवारचीच रात्र. माणूस शुक्रवारची तारीख टाकतो, शुक्रवारी रात्री जेवूनखाऊन पिक-अप पॉइंटवर जातो आणि त्याची गाडी आदल्याच रात्री गेलेली असते. त्यात भर म्हणजे काही ठिकाणी तारीख गाडी मूळ गावाहून सुटते तेव्हाची धरतात, काही ठिकाणी प्रवासी चढतो तेव्हाची. पडद्यावर अशा माणसापुढे ‘नो शो’ असा शेरा येतो आणि परतावा शून्य. “त्यात त्याची चूक काय, हे मला कळायचं. पण त्याला लावायला बटणच नव्हतं,” ती म्हणाली.

कायद्यात याची काही सोय आहे का? आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे अशा प्रत्येक व्यासपीठाने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क उघड लावायचा असतो. त्याने तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची. हे नाव अ‍ॅपच्या तळाशी, बारीक अक्षरांत सापडतं. केअरच्या नंबरवर घसा कोरडा करण्यापेक्षा त्या पत्त्यावर चार ओळींचा मेल टाकलेला बरा. याच नियमांत आणखी एक कलम आहे, ते मला फार आवडलं: कंपनी स्वतः ऑर्डर रद्द करते तेव्हा तसाच भुर्दंड सोसत नसेल, तर ग्राहकाकडून रद्द करण्याचा आकार घेता येत नाही. प्रवाशाने सुटायच्या आधी काही तासांत तिकीट रद्द केलं तर निम्मे किंवा सगळे पैसे जातात. गाडीवाल्याने गाडीच मारली तर तिकिटाचे पैसे परत, आणि वर नुसतं ‘गैरसोयीबद्दल दिलगीर’. हे दोन्ही शेजारी ठेवून बघावं आणि मग अ‍ॅपवाले ‘आकार आमचा नाही, ऑपरेटरचा’ म्हणतात तेही ऐकावं.

गुगलवरचा नंबर

केअरचा नंबर अ‍ॅपमध्ये सापडत नाही म्हणून माणूस गुगलवर शोधतो, आणि भलत्याच्याच तावडीत सापडतो. परताव्यासाठी अडलेला प्रवासी हे भामट्यांचं आवडतं सावज. फोन पहिल्या रिंगला उचलला जातो (इथेच खरं तर शंका यायला हवी), बोलणं अतिशय गोड. ‘रिफंडसाठी एक छोटं अ‍ॅप घ्या’ म्हणत पडदा पलीकडे दाखवणारं अ‍ॅप उतरवायला लावतात, किंवा एक लिंक पाठवून यूपीआयचा पिन टाकायला सांगतात. पैसे यायचे असतील तर पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे जायला. तरीही आठशे रुपयांच्या तिकिटापायी माणसं खातं रिकामं करून बसतात. असं झालंच तर लागलीच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता आलं तर काही वाचतं, उशीर झाला तर नाही.

स्टँडवरचा माणूस

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर धावली. आज एसटीचं तिकीटही मोबाइलवर निघतं, आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्ध तिकीट झाल्यापासून आगाऊ आरक्षणात बायकांची नावं भरभरून दिसतात. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. त्यामुळे गोव्याच्या किंवा कर्नाटकाच्या गाडीचं भाडं अर्ध्याहून जास्त दिसलं की ‘अ‍ॅप चुकलं’ म्हणून वाद सुरू होतो. अ‍ॅप चुकलेलं नसतं, पुढच्या टप्प्याचं पूर्ण भाडं लागलेलं असतं.

एसटीच्या ऑनलाईन तिकिटातही अडचणी आहेत. पैसे अडकणं तिथेही आहे, गाडी स्टँडात न येता बायपासने जाणंही आहे. पण स्वारगेटला चौकशी खिडकीपाशी काही वेळ नुसतं उभं राहिले, तेव्हा फरक कळला. एक आजोबा मोबाइल पुढे करून ‘साहेब, ही आली का?’ विचारत होते. आतल्या वाहतूक नियंत्रकाने न बघताच ‘फलाट सहा, अजून यायचीय, आली की पुकारतो’ म्हणून सांगितलं. बोलण्यात गोडवा मुळीच नव्हता. पण गाडीबद्दल ज्याला माहिती आहे आणि काही करता येतं, असा माणूस जाळीपलीकडे हाताच्या अंतरावर होता. त्याने नाही ऐकलं तर वर आगार व्यवस्थापक, आणि स्टँडवर तक्रारपुस्तक. खासगीत अशी उतरंड कुठेच दिसत नाही. तिथे एक अ‍ॅप असतं आणि एक बिझी नंबर.

दीडपट

दिवाळीत खासगीचं भाडं किती असावं यावर मर्यादा आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. राज्य सरकारच्या 27 एप्रिल 2018 च्या निर्णयाप्रमाणे खासगी बसचं कमाल भाडं तशाच एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त असू नये. सुट्ट्यांच्या आठवड्यात तीनपट भाडं अ‍ॅपवर राजरोस दिसतं. पूर्वी एजंट तोंडी भाव सांगायचा, पुरावा नसायचा. आता भाव पडद्यावर, तारीख-वेळेसकट. तरी दर वर्षी आरटीओ ‘तक्रार आल्यास कारवाई करू’ असंच म्हणतं. तक्रार करायची ती प्रवाशाने, तिकीट हातात असताना आणि सणाला घरी पोचायच्या घाईत.

निवृत्त बँकवाल्या स्नेह्यांनी मात्र चिकाटी धरली. मुलाची गाडी ऐनवेळी रद्द झाली, त्याला दुप्पट पैसे मोजून दुसरी करावी लागली आणि कंपनीने कूपन देऊन हात झटकले. त्यांनी आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यावर तिकिटाचे पैसे आले, वरचा खर्च आला नाही. मग ते जिल्हा ग्राहक आयोगात गेले. पाच लाखांपर्यंतच्या मामल्याला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, आपण राहतो तिथे तक्रार दाखल करता येते. त्यांच्या फायलीत तिकीट, रद्द झाल्याचा मेसेज, दुसऱ्या गाडीची पावती, चॅटबॉटशी झालेल्या संवादाचे स्क्रीनशॉट आणि पिक-अप पॉइंटवर उभ्या मुलाने काढलेला, वेळ दाखवणारा फोटो आहे. अ‍ॅपने लेखी उत्तरात बसमालकाकडे बोट दाखवलं. बसमालकाने म्हटलं, प्रवाशाशी आमचा करारच नाही, पैसे अ‍ॅपने घेतले. आयोगाने दोघांनाही हजर राहायला सांगितलं आहे. पुढची तारीख दिवाळीच्या सुट्टीनंतरची पडली आहे, आणि मुलाने यंदा भाऊबिजेला एसटीचं तिकीट काढलं आहे.